आधी अंदाज, मग मीटर: मोजमाप उपकरणांच्या प्रात्यक्षिकांच्या प्रकल्प नोंदी

वीजतंत्री शाखा, पहिलं वर्ष. तुकडी २० जणांची, टेबलं १०, एका टेबलावर दोघं. प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या वहीत चार रकाने: अंदाज, रीडिंग, फरक, कारण. अंदाजाचा रकाना कोरा असेल तर टेबलाचा सप्लाय चालू करायचा नाही, हा एकच नियम सगळ्या नोंदींना लागू आहे.

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

गणपतीच्या सुट्टीनंतर कपाट उघडून मोजदाद. डिजिटल मल्टिमीटर १०, काट्याचे मल्टिमीटर ४, हाताने फिरवायचा ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारा) १, क्लॅम्प मीटर (वायर न तोडता करंट मोजणारा) २, वॉटमीटर २, अर्थ टेस्टर (जमिनीतल्या अर्थचा रेझिस्टन्स मोजणारा) १, शिवाय लाकडी पेटीतले सुटे अँमीटर आणि व्होल्टमीटर. डिजिटल मीटर टेबलांइतकेच आहेत, एकही जास्तीचा नाही, त्यामुळे प्रत्येकाची तपासणी आजच उरकली.

आतला फ्यूज मीटर न उघडता तपासता येतो. सिलेक्टर ओहमवर, लाल लीड (मीटरची जोडवायर) व्होल्ट-ओहमच्या जॅकमध्ये, आणि तिचं टोक त्याच मीटरच्या मिलिअँपिअर जॅकला आतून टेकवायचं. काही ओहम दाखवले तर फ्यूज शाबूत. ‘ओएल’ (रेंजच्या बाहेर) किंवा डावीकडे नुसता १ आला तर फ्यूज उडालेला. दहापैकी तीन मीटरांचे उडालेले निघाले. व्होल्टेज दाखवतात म्हणून ‘चालू’ समजून ठेवलेले होते. चौथा त्याहून वाईट: फ्यूजच्या जागी तांब्याची तार. असा मीटर कोणी चुकून २३० व्होल्टवर अँपिअरच्या जॅकमधून लावला तर हातातच फुटतो. तार काढली, योग्य फ्यूज बसेपर्यंत कपाटाबाहेर काढायचा नाही अशी चिठ्ठी लावली. फ्यूज बदलताना मीटरच्या पाठीवर छापलेला अँपिअर आणि व्होल्ट असे दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. काचेचा २५० व्होल्टचा फ्यूज स्वस्त मिळतो, पण मोठ्या शॉर्टला त्यातली ठिणगी विझत नाही. वाळू भरलेला सिरॅमिकचा फ्यूज ती विझवतो.

लीड तपासताना दोन्ही टोकं जुळवून ०.२ ते ०.५ ओहम यायला हवेत. मग प्लगजवळ वायर वाकवत राहायचं. आकडा उड्या मारतो ती लीड आतून तुटलेली. दोन जोड्या बाद.

शेवटी सगळे मीटर एकाच ९ व्होल्टच्या बॅटरीवर एकाच वेळी लावले. पत्रकातली अचूकता ०.५ टक्के अधिक २ अंक अशी आहे. २० व्होल्टच्या रेंजवर ९.०० चा अर्थ ८.९३ ते ९.०७. एक मीटर ९.६ दाखवत होता. तो बिघडलेला नाही, त्याची स्वतःची बॅटरी उतरली आहे. बॅटरी उतरली की आतला संदर्भ व्होल्टेज घसरतो आणि आकडा जास्त येतो. पहिल्या दिवशी मुलांना हेच आधी दाखवायचं, कारण ‘बॅटरी कमी झाली की रीडिंग कमी येणार’ असं जवळजवळ प्रत्येक जण गृहीत धरतो.

बुधवार, १० सप्टेंबर

टेबलावरचे बोर्ड तयार केले. एका बोर्डाचं साहित्य: सनमायका लावलेली फळी, ६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंटला पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अर्थकडे गळती झाली की पडणारा स्विच), एक बॅटन होल्डर, दोन स्विच, एक तीन पिन सॉकेट, मीटर जोडायला ४ मिलिमीटरचे झाकलेले चार सॉकेट, १.५ चौरस मिलिमीटर वायर.

होल्डरमध्ये १०० वॉटचा तारेचा बल्ब, आणि तो सॉकेटच्या फेजशी सिरीजमध्ये. म्हणजे आपला नेहमीचा सिरीज बोर्डच. पुढे काहीही थेट शॉर्ट झालं तरी बल्ब पूर्ण पेटतो आणि करंट २३० भागिले ५२९, म्हणजे साधारण ०.४३ अँपिअरवर थांबतो. अँमीटर लोडला पॅरलल लावण्याची चूक प्रत्येक तुकडीत होतेच. मीटर १० अँपिअरच्या जॅकवर असेल तर इथे फक्त बल्ब झगझगीत होईल आणि मीटर ०.४३ दाखवेल. चूक डोळ्यांना दिसते, कोणाला इजा होत नाही. दुसरा स्विच बल्ब बायपास करतो. तो निदेशकानेच चालू करायचा, म्हणून त्यावर कव्हर बसवलं.

या जागी एलईडी बल्ब चालत नाही. त्याच्या आतलं ड्रायव्हर सर्किट रेझिस्टन्ससारखं वागत नाही. करंट ठरावीक आकड्याला अडवण्याऐवजी बल्ब लुकलुकतो किंवा बंदच राहतो. तारेचे १०० वॉटचे बल्ब आता दुकानात सहज मिळत नाहीत, म्हणून १५ नग एकदम घेऊन ठेवले.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (टेबलाचा सप्लाय अर्थपासून वेगळा करणारा) लावावा का, यावर चर्चा झाली. न लावण्याचं ठरलं. त्यामागे फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ ही रीडिंग निरर्थक होतात, आणि आम्हाला तीच शिकवायची आहेत. मात्र मुलांच्या वहीत एक वाक्य लिहून घ्यायचं: एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर आरसीसीबी पडणार नाही, कारण त्याच्या लेखी तुम्ही एक लोड आहात.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

आज सप्लायच नाही. फक्त डायल वाचणं.

काट्याच्या मीटरची डायल म्हणजे त्याची कुंडली. घोड्याच्या नालेची खूण असेल तर तो मूव्हिंग कॉइल, फक्त डीसीसाठी. एसीवर लावला तर ५० हर्ट्झला काटा जागेवर थरथरतो आणि शून्य दाखवतो, पण कॉइलमधून करंट जात असतोच आणि ती जळू शकते. मूव्हिंग आयर्न एसी-डीसी दोन्हीला चालतो, पण त्याची स्केल सुरुवातीला दाटलेली असते, कारण काट्याचं वळण करंटच्या वर्गाप्रमाणे वाढतं. उभ्या रेषेखाली आडवी रेष म्हणजे मीटर उभा ठेवून वापरायचा. गुरुत्वाकर्षणावर परतणारा काटा असेल तर असा मीटर टेबलावर आडवा ठेवल्यावर शून्यही नीट दाखवत नाही. चांदणीतला २ म्हणजे इन्सुलेशनची चाचणी २ किलोव्होल्टला झालेली.

सर्वात जास्त वेळ डायलवर छापलेल्या १.५ या अचूकतेच्या आकड्यावर गेला. मुलं म्हणतात, ‘दीड टक्का चूक.’ कशाच्या दीड टक्का? पूर्ण स्केलच्या. ३०० व्होल्टच्या मीटरला ४.५ व्होल्ट, आणि हे ४.५ स्केलवर कुठेही लागू. २३० वाचताना ही चूक दोन टक्के पडते, ३० वाचताना १५ टक्के. काटा स्केलच्या शेवटच्या तिसऱ्या भागात येईल अशी रेंज घ्यायची ती यासाठी.

सराव: मीटरच्या डायलची १२ चित्रं, काट्यांची जागा वेगवेगळी, प्रत्येकाला ३० सेकंद. पहिल्या फेरीत सर्वांत जास्त चुका ०-३०० च्या स्केलवर, जिथे ६० बारीक रेघा आहेत. एका रेघेला ५ व्होल्ट हे काढण्याऐवजी सगळे सवयीने १ धरतात. आता डायल हातात आली की पहिली कृती ठरवली आहे: दोन मोठ्या आकड्यांतला फरक भागिले मधल्या घरांची संख्या, हे वहीच्या कोपऱ्यात लिहायचं. काट्यामागे आरसा असेल तर काटा आणि त्याचं प्रतिबिंब एक होईपर्यंत डोकं हलवायचं, मग वाचायचं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

व्होल्टेज. क्रम: १.५ व्होल्टचा सेल, १२ व्होल्टची बॅटरी, मग सॉकेट. जोडताना काळी लीड आधी, काढताना लाल आधी. काळी आधी काढली तर मोकळं झालेलं तिचं टोक मीटरमधून फेजशी जोडलेलं राहतं.

आजची महत्त्वाची चूक मुद्दाम करून दाखवली. सिलेक्टर डीसी २०० वर ठेवून चालू सॉकेट मोजलं: आकडा शून्याच्या आसपास. वहीत निष्कर्ष काय लिहिणार? दहापैकी सहा टेबलांनी ‘सप्लाय नाही’ लिहिलं. याच निष्कर्षावर कोणी तारेला हात लावला असता. त्यानंतरच तीन पायऱ्यांची तपासणी सांगितली: आधी चालू असल्याची खात्री असलेल्या जागी मीटर लावून पाहायचा, मग बंद केलेल्या जागी, मग पुन्हा पहिल्या चालू जागी. तिन्ही रीडिंग वहीत. नुसतं मधलं रीडिंग असेल तर तपासणी झालीच नाही असं धरायचं.

सॉकेटवर तीन मापं. समोरून पाहताना उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, वर अर्थ. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ साधारण ० ते ३ व्होल्ट. त्यानंतर बोर्डामागे दोष घातले. न्यूट्रल सॉकेटच्या अलीकडे, सप्लायच्या बाजूला तुटलेला आणि लोड चालू: फेज-न्यूट्रल शून्य, पण न्यूट्रल-अर्थ २३०. फक्त पहिलं माप घेणारा ‘लाईट गेली’ म्हणून मोकळा होतो आणि न्यूट्रलच्या तारेला बिनधास्त हात लावतो. फेज-न्यूट्रल उलटे असतील तर पहिलं माप बरोबरच येतं, पकडतं ते तिसरं.

शेवटची २० मिनिटं भुताच्या व्होल्टेजला दिली. टू-वे स्विचच्या वायरिंगमध्ये लटकलेल्या, कशालाच न जोडलेल्या वायरवर डिजिटल मीटरने ९० व्होल्ट दाखवले. शेजारच्या फेजच्या वायरीतून केपॅसिटन्समुळे आलेला हा नगण्य करंट. मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १० मेगओहम असल्यामुळे तेवढ्यावरही आकडा उभा राहतो. त्याच दोन टोकांना १५ वॉटचा बल्ब जोडला की आकडा कोसळतो. निऑन टेस्टरही अशा वायरवर मंद पेटतो, म्हणून टेस्टर पेटला एवढ्यावर फेज आहे असं लिहायचं नाही.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

करंट. सर्किट तोडून मधे मीटर बसवायचा, हे फळ्यावर सगळ्यांना समजतं आणि टेबलावर अर्ध्यांचं चुकतं. तीन टेबलांचे बल्ब झगमगले, म्हणजे मीटर पॅरलल. बोर्डाने आपलं काम केलं.

नियम: करंटचं माप संपलं की सिलेक्टर फिरवण्याआधी लाल लीड व्होल्ट-ओहमच्या जॅकमध्ये परत. ८ तारखेचे तीन उडालेले फ्यूज बहुधा याच एका विसरण्याचे बळी.

मग एक छोटा प्रयोग, पण या प्रकल्पातला सर्वांत उपयोगी. १.५ व्होल्टचा सेल आणि १ किलोओहम रेझिस्टर. अंदाज सर्वांचा एकच: १.५ मिलिअँपिअर. २० मिलिअँपिअरच्या रेंजवर १.४८ आला. ‘बारीक रेंजवर जास्त अचूक’ म्हणून २ मिलिअँपिअरवर घेतला, तर १.३६. बारीक रेंज जास्त चुकली! कारण मीटर पूर्ण स्केलला आपल्यावर ०.२ व्होल्ट घेतो. २ मिलिअँपिअरच्या रेंजचा आतला रेझिस्टन्स त्यामुळे १०० ओहम, आणि सर्किट १००० ऐवजी ११०० ओहमचं होतं. २० च्या रेंजवर तो फक्त १० ओहम. कारणाच्या रकान्यात एका मुलीने लिहिलं, ‘मीटर सर्किटात जाऊन बसला.’ हेच वाक्य फळ्यावर ठेवलं.

क्लॅम्प मीटर: जबड्यात दोन्ही वायरी एकत्र घातल्या की शून्य, कारण जाणाऱ्या आणि येणाऱ्या करंटचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांना खातं. शून्य आलं नाही तर गळती आहे, म्हणजे ही ‘चूक’ गळती शोधायला वापरता येते. ६० वॉटच्या बल्बचा ०.२६ अँपिअर ४०० अँपिअरच्या क्लॅम्पला नीट दिसत नाही. वायरीचे १० वेढे जबड्यातून फिरवून २.६ वाचायचे आणि दहाने भागायचं. वेढे मोजताना जबड्याच्या आतून वायर किती वेळा गेली ते मोजायचं, बाहेरचे लूप नाहीत. साधा क्लॅम्प ट्रान्सफॉर्मरच्या तत्त्वावर चालतो. बॅटरीच्या डीसी वायरवर शून्यच दाखवतो.

९ वॉटच्या एलईडी बल्बचा करंट साध्या मीटरने आणि ट्रू आरएमएस मीटरने (लाटेचा आकार कसाही असला तरी खरा आकडा देणाऱ्या) वेगळा आला, साध्याचा कमी. त्या बल्बचा करंट लाटेच्या शेंड्यावर टोकदार ठोक्यांसारखा जातो, आणि साधा मीटर साइन लाट गृहीत धरून सरासरीवरून हिशोब करतो. हा विषय आज इथेच थांबवला.

मंगळवार, २३ सप्टेंबर

काल घटस्थापना, आज हजेरी १४.

रेझिस्टन्स. सप्लाय बंद, प्लग बाहेर, केपॅसिटर डिस्चार्ज, आणि मोजायच्या भागाचं एक टोक सुटं. १०० वॉटच्या बल्बचा अंदाज व्होल्टेजच्या वर्गाला वॉटने भागून ५२९ ओहम. मीटरवर आले ३८. वर्ग पाच मिनिटं मीटर बिघडला म्हणून वाद घालत होता. मग १००० वॉटची इस्त्री: अंदाज ५२.९, मीटरवर ५१. सूत्र इथे लागू पडतं, बल्बला का नाही? टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार अंशांच्या घरात जाते आणि तिचा रेझिस्टन्स १२ ते १५ पट होतो; इस्त्रीतल्या निक्रोमच्या तारेचा जेमतेम काही टक्के बदलतो. ही जोडी एकाच तासात, लागोपाठ घ्यावी. वेगवेगळ्या दिवशी घेतली तर तिचा परिणाम जातो.

पंख्याच्या तीन वायरी: तिन्ही जोड्यांचं माप घ्यायचं. सर्वांत मोठं माप इतर दोघांच्या बेरजेइतकं आलं पाहिजे. ज्या जोडीत ते आलं तिच्यातून वगळलेली तिसरी वायर कॉमन. बेरीज जुळली नाही तर वाइंडिंगमध्ये दोष, किंवा बोटांनी टोकं धरून मोजलेलं.

कंटिन्युइटीच्या ‘टूं’ आवाजावर मुलांचा फार विश्वास. बरेच मीटर ३० ते ५० ओहमच्या खाली काहीही असलं तरी वाजतात. एक्स्टेन्शनच्या फेजमध्ये १ ओहम, २५ वॉटचा वायरवाऊंड रेझिस्टर लपवला. मीटर खणखणीत वाजला. मग इस्त्री लावली, बल्ब बायपास करून: करंट ४.३ अँपिअर, त्या ‘चांगल्या’ जोडावर ४.३ व्होल्ट, म्हणजे साधारण १८ वॉट उष्णता. प्लगमधला ढिला स्क्रू काळा का पडतो, ते इथे आकड्यात दिसतं. रेझिस्टर लाकडापासून दूर, सिरॅमिकवर ठेवायचा, प्रयोग दोन मिनिटांत आटपायचा.

काट्याच्या मल्टिमीटरवर ओहमच्या रेंजला काळ्या लीडवर आतल्या बॅटरीचं प्लस असतं. डायोड डिजिटलवर एका दिशेने आणि काट्यावर उलट दिशेने ‘चालू’ दिसला म्हणून दोन टेबलांनी दोन नवे डायोड फेकून दिले. कचऱ्यातून परत काढले.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

मीटर सर्किटात जाऊन बसतो, याचा दुसरा भाग. १ मेगओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये, वरून १० व्होल्ट डीसी. मधल्या बिंदूचा अंदाज ५ व्होल्ट. डिजिटलने ४.७६. दर व्होल्टला २० किलोओहमचा काट्याचा मीटर १० व्होल्टच्या रेंजवर: १.४. दर व्होल्टला २ किलोओहमचा स्वस्त मीटर: काटा हललाच नाही, हिशोबाने ०.१९. तिन्ही मीटर चांगले आहेत. स्वस्त मीटरचा स्वतःचा २० किलोओहम खालच्या रेझिस्टरला पॅरलल गेल्यावर उरतं तेवढंच तो दाखवतो.

मग रेझिस्टर बदलून १ किलोओहमचे लावले. तिघांचं रीडिंग ५ च्या आसपास. मीटर कोणता वापरायचा हे सर्किटवर अवलंबून आहे, किमतीवर नाही, हे सांगावं लागलं नाही.

मंगळवार, ३० सप्टेंबर

स्वतःचा मीटर तयार करणं. प्रत्येक टेबलाला १ मिलिअँपिअरचा मूव्हिंग कॉइल काटा. आधी त्याचा आतला रेझिस्टन्स. त्याला थेट ओहममीटर लावायचा नाही. कमी रेंजवर मीटर किती करंट सोडेल याचा नेम नाही आणि काटा खुंटीवर आपटतो. अर्ध्या वळणाची पद्धत वापरली: ९ व्होल्ट बॅटरी, सिरीजमध्ये १० किलोओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), काटा पूर्ण स्केलवर आणायचा, मग काट्याला पॅरलल दुसरा पॉट लावून काटा अर्ध्यावर आणायचा. पॅरलल पॉट सोडवून मोजला की तोच कॉइलचा रेझिस्टन्स. बॅटरी जोडण्याआधी सिरीजचा पॉट जास्तीत जास्त रेझिस्टन्सवर. आपल्या काट्यांचं माप १०० ओहमच्या आसपास आलं.

१० व्होल्टचा व्होल्टमीटर: एकूण १०,००० ओहम हवेत, कॉइलचे १०० वजा, म्हणजे ९,९०० ओहम सिरीजमध्ये. ८.२ किलो, १.५ किलो आणि २०० ओहम, तिन्ही एक टक्क्याचे. इथे कोणाचंच फारसं चुकलं नाही.

१०० मिलिअँपिअरचा अँमीटर मात्र रडवतो. शंट, म्हणजे कॉइलला पॅरलल लावायचा छोटा रेझिस्टर, १०० भागिले ९९, म्हणजे १.०१ ओहम. मगरी क्लिपचा स्पर्श ०.०५ ओहम असला तरी पाच टक्क्यांची चूक तिथेच. चार टेबलांची रीडिंग क्लिप दाबली की बदलत होती. उपाय: शंट काट्याच्या स्क्रूखालीच सोल्डर केलेल्या टॅगवर, आणि बाहेरच्या करंटच्या वायरी शंटच्या बाहेरच्या बाजूला. क्लिपचा रेझिस्टन्स मग करंटच्या वाटेत राहतो, मापाच्या वाटेत येत नाही. एका टेबलावर शंटची क्लिप निसटली, सगळा करंट कॉइलमधून गेला आणि काटा वाकला. रेंज बदलणारा रोटरी स्विच म्हणूनच असा लागतो की पुढचा संपर्क लागल्यावरच मागचा सुटेल.

तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. सकाळी जुळवलेला अँमीटर दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये कमी दाखवतो, कारण कॉइल तापली पण मँगनीनचा (तापमानाने रेझिस्टन्स जवळजवळ न बदलणाऱ्या मिश्रधातूचा) शंट तसाच राहिला. कारखान्यात कॉइलच्या सिरीजमध्येही मँगनीनचा रेझिस्टन्स घालतात तो यासाठी.

बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. उपकरणांची पूजा. हळदकुंकू मीटरच्या जॅकमध्ये आणि काट्याच्या शून्य-स्क्रूवर पडू नये म्हणून सगळे मीटर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून मांडले; मेगरला फक्त झेंडूची माळ.

सोमवार, ६ ऑक्टोबर

मेगर. सुरुवात प्रश्नाने: मल्टिमीटर ‘ओएल’ दाखवतो, मग मेगर कशाला? मल्टिमीटर ओहमला फारतर काही व्होल्ट लावतो. ओलसर इन्सुलेशन तेवढ्याला टिकतं, ५०० ला टिकत नाही.

मेगरची स्वतःची तपासणी: टोकं सुटी, हँडल मिनिटाला साधारण १६० फेरे, काटा अनंतावर, टोकं जोडून हळू अर्धा फेरा, काटा शून्यावर. दोन लीड सुट्या आणि वेगळ्या ठेवायच्या. पिळलेली दुहेरी वायर वापरली तर तिचंच इन्सुलेशन मापात पॅरलल येतं.

वायरिंगचं माप: मेन बंद, फेज-न्यूट्रल एकत्र जोडून अर्थशी, सगळे स्विच चालू. नंतर फेज आणि न्यूट्रलमध्ये, बल्ब काढून, स्विच चालूच. त्याआधी एलईडी बल्ब, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, चार्जर बाहेर. ५०० व्होल्टने ते मरतात, आणि मेले नाहीत तरी रीडिंग बिघडवतात. वायरिंगच्या भारतीय मानकाच्या (आयएस ७३२) जुन्या आवृत्तीप्रमाणे किमान मेगओहम म्हणजे ५० भागिले पॉइंटची (दिवे, सॉकेट वगैरे) संख्या, पण संपूर्ण वायरिंगकडून एक मेगओहमपेक्षा जास्त मागत नसत.

पावसाळाभर शेडमध्ये पडलेली एक अश्वशक्तीची पंपाची मोटर घेतली. वाइंडिंग ते बॉडी एका मिनिटाला ०.६ मेगओहम. पत्र्याच्या पेटीत १०० वॉटचे दोन बल्ब लावून रात्रभर सुकवली. सुकवताना आधी रीडिंग आणखी खाली जातं, कारण गरम इन्सुलेशनचा रेझिस्टन्स दर १० अंशांना साधारण निम्मा होतो. ओल निघून गेली की वर चढतं. हे न सांगता सोडलं तर मुलं पहिल्या तासातच मोटर भंगारात काढतात. सकाळी थंड झाल्यावर ८ मेगओहम. प्रत्येक मापानंतर वाइंडिंग बॉडीशी जोडून डिस्चार्ज.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

वॉटमीटर. टर्मिनल चार: एम, एल, सी, व्ही. एम सप्लायकडे, एल लोडकडे, सी फेजशी, व्ही न्यूट्रलशी. १ अँपिअर, ३०० व्होल्ट, १५० घरं: एका घराला २ वॉट. काटा उलटा गेला तर करंट कॉइलची टोकं बदलायची.

लोड म्हणून तांब्याच्या चोकची ४० वॉटची जुनी ट्यूब. व्होल्टमीटर २३०, अँमीटर ०.४३, गुणाकार ९९. वॉटमीटर २६ घरं, म्हणजे ५२ वॉट. पॉवर फॅक्टर, म्हणजे वॉट भागिले तो गुणाकार, ०.५३. मग ३.१५ मायक्रोफॅरडचा केपॅसिटर सप्लायच्या बाजूला पॅरलल लावला: अँमीटर ०.२६ वर आला, वॉटमीटरचा काटा जागचा हलला नाही. वीजबिल वॉटवर आहे, वायर अँपिअरने तापते; दोन्ही मीटर शेजारी ठेवले की फरक दिसतो. वॉटमीटरच्या सिरीजमध्ये अँमीटर नेहमी हवाच. कमी पॉवर फॅक्टरच्या लोडवर काटा निम्म्याखाली असतो आणि करंट कॉइल तेव्हाच जळत असू शकते.

उरलेल्या वेळात घरगुती मीटर. मीटरवरच्या लुकलुकत्या दिव्याचे ३२०० ठोके म्हणजे एक युनिट. १०० वॉटच्या बल्बला १० ठोक्यांना ११२.५ सेकंद. स्टॉपवॉच पहिल्या लुकलुकीला शून्यापासून सुरू करायचं. तिलाच ‘एक’ मोजलं तर माप ११ टक्के जास्त येतं. सात टेबलांनी तसंच केलं.

सोमवार, १३ ऑक्टोबर

अर्थ टेस्टर. आवारात जांभा; खिळा हातभरही आत जात नाही, आणि गेला तरी कोरड्या जांभ्यात काटा डोलतो. खिळ्याभोवती पाणी ओतल्यावर स्थिर झाला. करंटचा खिळा मोजायच्या अर्थपासून ३० मीटरवर, व्होल्टेजचा ६२ टक्क्यांवर, म्हणजे साडेअठरा मीटर. मग तो ३ मीटर मागे आणि ३ मीटर पुढे सरकवून पुन्हा. तिन्ही मापं पाच टक्क्यांत जुळली तरच वहीत. पहिल्या गटाची जुळली नाहीत: तिन्ही खिळे एका रेषेत नव्हते आणि एक पाण्याच्या जुन्या लोखंडी पाइपाशेजारी ठोकलेला होता. अर्थची वायर सोडवण्याआधी मेन बंद. चालू सप्लायवर सोडली तर तेवढा वेळ सगळ्या आवाराच्या बॉडी बिनअर्थच्या.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

चाचणी. प्रत्येकाला दोष घातलेला एक बोर्ड, २५ मिनिटं. दोष सहा प्रकारचे: तुटलेला न्यूट्रल, उलट फेज-न्यूट्रल, १ ओहमचा लपवलेला जोड, भुताचं व्होल्टेज, अर्थ सुटलेलं सॉकेट, आणि एका मीटरमध्ये उतरलेली बॅटरी. दोष सापडण्याला ६ गुण, अंदाजाच्या रकान्याला ४.

शेवटचा दोष फक्त पाच जणांनी पकडला. बाकीच्यांनी २४६ व्होल्ट वाचून ‘सप्लाय जास्त आहे’ लिहिलं, शेजारचा मीटर लावून पाहिला नाही. पुढच्या तुकडीला ८ सप्टेंबरची दहा मीटरांची तुलना मुलांच्या हातून करून घ्यायची.

दिवाळीच्या सुट्टीआधी मागणीपत्र: मीटरच्या पाठीवरच्या मापाचे सिरॅमिक फ्यूज २०, लीडच्या जोड्या ६, १ ओहम २५ वॉट रेझिस्टर ४, काट्याचा एक कॉइल मीटर. सगळ्या मीटरांतल्या ९ व्होल्टच्या बॅटऱ्या काढून वेगळ्या डब्यात ठेवल्या. सुट्टीत फुगून गळल्या तर आतल्या पट्ट्या खातात.